प्रोलॉगमधलं \+ म्हणजे "खोटं" की नुसतं "सिद्ध झालं नाही"?

कासारवडवली_कोडर

नमस्कार मंडळी, एमसीएची असाइनमेंट आहे लॉजिक प्रोग्रामिंगची, आणि मी उदाहरण म्हणून आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीचा मेंटेनन्स घेतलाय, कारण एजीएम तोंडावर आलीय आणि घरात सध्या दुसरा विषयच नाही. फ्लॅट नंबर सगळे बदललेत. एसडब्ल्यूआय प्रोलॉग वापरतोय (यात माहिती आणि नियम लिहायचे आणि मग प्रश्न विचारायचे; :- म्हणजे "जर", आणि \+ हे नकाराचं चिन्ह). देवनागरीत कॅपिटल अक्षर नसतं म्हणून व्हेरिएबलच्या आधी अंडरस्कोर दिलाय, बघून दचकू नका.

सदनिका(अ१०१).
सदनिका(अ१०२).
सदनिका(अ१०३).
सदनिका(ब२०१).
भरले(अ१०१).
भरले(ब२०१).
थकबाकीदार(_क) :- \+ भरले(_क).

आता थकबाकीदार(अ१०२) विचारलं की ट्रू येतं, बरोबर. थकबाकीदार(अ१०१) फॉल्स, तेही बरोबर. मग गंमत म्हणून ठाण्यातल्या तळ्याचं नाव घालून थकबाकीदार(तलावपाळी) टाकलं तर तेही ट्रू! तलावपाळीकडे आमचा मेंटेनन्स थकलाय हे मला आजच कळलं.

पण खरा घोळ पुढे आहे. कोण कोण थकबाकीदार आहे म्हणून थकबाकीदार(_क) विचारलं तर सरळ फॉल्स. म्हणजे कोणीच नाही?? अरे आत्ताच तर अ१०२ ला ट्रू म्हणालास ना बाबा.

सरांना विचारलं तर म्हणाले ते "नॉट" नाहीये, "नॉट प्रूव्हेबल" आहे, गोडेल (तर्कशास्त्रज्ञ) वाच. गोडेल उघडला तर तिथे अंकगणित, सुसंगती, काय काय, त्याचा माझ्या मेंटेनन्सशी काय संबंध तेच कळेना. कोणी साध्या भाषेत सांगेल का की हे \+ नेमकं काय बोलतंय, जगाबद्दल बोलतंय की प्रोग्रॅमबद्दल?

कोपरी_पूर्व

प्रोग्रॅमबद्दल. सर बरोबर बोललेत, फक्त गोडेलला उगाच मध्ये ओढलंय, त्याचं नंतर कोणीतरी सांगेलच इथे.

\+ आतून कसं चालतं ते एकदा बघ म्हणजे अर्धा गोंधळ तिथेच मिटेल. साधारण असं असतं:

नसिद्ध(_ग) :- _ग, !, फेल.
नसिद्ध(_).

म्हणजे आधी _ग सिद्ध करून बघतो. झालं सिद्ध, तर कट (ते ! चिन्ह) मारून परतीचे रस्ते बंद करतो आणि मुद्दाम फेल होतो. नाही झालं, तर दुसऱ्या ओळीवर येऊन "हो" म्हणून मोकळा. बस एवढंच आहे सगळं. यात "खोटं" असं काही कुठे तपासलेलंच नाहीये. त्याला तलावपाळीची पावती सापडली नाही म्हणून तलावपाळी थकबाकीदार, तो फ्लॅट आहे की तळं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तू त्याला ते विचारलंच नाहीस.

आता थकबाकीदार(_क) ला फॉल्स का ते बघ. _क रिकामा असताना आत भरले(_क) चालतं, त्याचा अर्थ "कोणीतरी भरलंय का", तर अ१०१ ने भरलंय, म्हणजे सिद्ध झालं, म्हणजे \+ फेल. तुला विचारायचं होतं "असा कोण आहे ज्याने भरलं नाही" आणि त्याने उत्तर दिलं "एकानेही भरलं नाही असं आहे का" या प्रश्नाचं. "कोणीतरी" हा शब्द नकाराच्या बाहेर हवा होता तो आत जाऊन बसला. हे दोन प्रश्न आपल्या कोणत्याही सोसायटीत एकच मानले जात नाहीत 😄

तेव्हा नियम असा लिही:

थकबाकीदार(_क) :- सदनिका(_क), \+ भरले(_क).

आधी सदनिका _क मध्ये नाव भरते, मग नकार. अ१०२ आणि अ१०३ येतील, तलावपाळीही सुटेल. आणि हेच उलट लिहून बघ, \+ आधी आणि सदनिका नंतर. शुद्ध लॉजिकमध्ये "आणि" च्या दोन बाजू अदलाबदल केल्या तर काही फरक पडत नाही, इथे अख्खं उत्तर गायब होतं. \+ पर्यंत पोचताना आतल्या गोलमध्ये (म्हणजे सिद्ध करायच्या प्रश्नात) एकही मोकळा व्हेरिएबल नको हा नियम पुस्तकात असतो, तो मोडला की त्याला फ्लाउंडरिंग म्हणतात. खरं तर अशा वेळी सिस्टीमने थांबून तक्रार करायला पाहिजे, पण बहुतेक प्रोलॉग करत नाहीत, खुशाल चुकीचं उत्तर देऊन मोकळे होतात. मला विचारशील तर भाषेतला हा सगळ्यात वाईट निर्णय आहे.

जाता जाता, दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढंच म्हणायचं असेल तर \+ वापरू नको, डिफ वापर. ते व्हेरिएबल रिकामा असेल तर थांबून राहतं आणि नाव भरलं की मग तपासतं. प्रोलॉग बनवणाऱ्या कोलमेरॉच्या प्रोलॉग टू पासूनची सोय आहे आणि तरी अर्ध्या ट्युटोरियलमध्ये तिचं नाव नसतं.

ऐरोली_शिफ्ट

एवढं डोकं कशाला लावताय राव, डेटाबेसमध्ये आहे ते खरं, नाही ते खोटं. मी रोज एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहितो, तिथे पण हेच चालतं, कोणी गोडेल वाचत नाही. कंपनी पगार देतेच आहे.

वर्तकनगर_तर्क

ऐरोली, एसक्यूएलमध्ये हेच चालतं म्हणतोस तर पावत्यांच्या टेबलात एका ओळीत फ्लॅट नंबर नल (म्हणजे किंमत माहीतच नाही) टाकून बघ आणि मग "फ्लॅट नॉट इन पावत्या" चालव. एकही ओळ येणार नाही. कारण तिथे नलशी तुलना केली की उत्तर खरंही नाही खोटंही नाही, "अननोन" येतं, आणि व्हेअर फक्त खऱ्यालाच आत घेतो. तेच नॉट एक्झिस्ट्सने लिही, थकबाकीदार नीट येतील, कारण ते प्रोलॉगच्या \+ सारखं आहे, ओळ सापडली नाही की विषय संपला. एकाच डेटाबेसमध्ये दोन तऱ्हेचे नकार नांदतायत आणि तू रोज दोन्ही वापरतोयस.

आता मूळ प्रश्न. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

१९७६ मध्ये व्हॅन एम्डन आणि कोवाल्स्की यांनी दाखवलं की नकार नसलेला साधा प्रोग्रॅम असेल तर त्याचं एक सगळ्यात छोटं मॉडेल (प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी जिथे खऱ्या ठरतात असं जग) असतं, आणि त्या मॉडेलमध्ये जे खरं तेच प्रोग्रॅममधून सिद्ध होतं, ना कमी ना जास्त. म्हणजे "हो" च्या बाजूला सत्य आणि सिद्धता एकमेकांना चिकटून आहेत. भांडण सगळं "नाही" च्या बाजूला आहे.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये "अ१०२ ने भरलं नाही" असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि तिथून ते तर्काने निघतही नाही. भरले(अ१०२) खरं असलेलं एखादं जग घे, तुझ्या सगळ्या ओळी तिथेही बिनबोभाट खऱ्या राहतात. मग "नाही" म्हणायचा अधिकार कुठून आला? याची दोन उत्तरं एकाच ग्रंथात, १९७८ साली छापून आली. रायटर म्हणाला जे सिद्ध होत नाही ते खोटं धरून चला, याला बंद जगाचं गृहीतक म्हणा. कीथ क्लार्कने दुसरी वाट घेतली. तो म्हणाला, बाबा तू लिहिताना "तर" लिहितोस पण तुझ्या मनात "तर आणि तरच" असतं. म्हणजे तुझ्या दोन ओळींचा खरा अर्थ असा धरायचा: एखाद्याने भरलंय म्हणजे तो अ१०१ तरी आहे किंवा ब२०१ तरी आहे, तिसरं कोणी नाही. शिवाय वेगळं नाव म्हणजे वेगळी वस्तू. एवढं जोडलं की अ१०२ ने भरलं नाही हे चक्क साध्या, नेहमीच्या लॉजिकने सिद्ध होतं! फक्त ते तुझ्या प्रोग्रॅममधून नाही, त्याच्या या पुऱ्या केलेल्या आवृत्तीतून. क्लार्कने दाखवलं की \+ (मोकळे व्हेरिएबल नसताना) जे "नाही" देतं ते या पुऱ्या आवृत्तीतून खरोखर निघतं.

त्यातलं "वेगळं नाव म्हणजे वेगळी वस्तू" हे वाचून पुढे जाऊ नकोस, प्रत्यक्षात तिथेच माती होते. पावतीबुकात एकाने अ१०१ लिहिलं, दुसऱ्याने १०१अ, तिसऱ्याने ए१०१, प्रोलॉगच्या लेखी ही तीन वेगळी माणसं. पैसे भरलेला माणूस नोटीस बोर्डवर थकबाकीदार म्हणून झळकतो आणि मग एजीएममध्ये जे होतं ते होतं.

आता सिद्ध न होणं, फेल होणं आणि खोटं असणं या तीन गोष्टी वेगळ्या कशा, तर ही एक ओळ बघ:

प :- प.

प सिद्ध होतो का? नाही, कधीच नाही. रायटरच्या हिशोबाने प खोटा. क्लार्कच्या हिशोबाने "प तर आणि तरच प", यातून प ही निघत नाही आणि प नाही हेही निघत नाही. आणि प्रोलॉगला \+ प विचारलं तर तो हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही, नुसता गोल गोल फिरत बसतो. एक ओळ आणि तीन वेगळी वागणं. म्हणून क्लार्कच्या मथळ्यात फेल्युअर हा शब्द आहे, आणि ते फेल्युअर मर्यादित पायऱ्यांत आटोपणारं असावं लागतं. शोध संपला आणि काही मिळालं नाही, तरच नकार.

गोडेलचा संबंध इथे दुरून येतो. १९३१ चं प्रमेय (सुसंगत सिस्टीममध्येही काही वाक्यं सिद्धही होत नाहीत आणि खोटीही ठरवता येत नाहीत) अंकगणित पेलणाऱ्या सिस्टीमबद्दल आहे, चार फ्लॅट आणि दोन पावत्यांना ते लागू होत नाही, इथे सगळं मोजून संपतं. पण प्रोलॉगमध्ये याद्या, संख्या, रिकर्शन आलं की त्यात कुठलाही कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिता येतो, आणि मग सिद्ध होणाऱ्या गोष्टी एकेक करून छापत जाता येतात पण सिद्ध न होणाऱ्यांची पुरी यादी छापणारी कोणतीही यंत्रणा बनू शकत नाही. ट्युरिंगचं १९३६ चं थांबण्याचं कोडं (प्रोग्रॅम कधी थांबेल का हे आधीच सांगता येतं का) तेच. तर रायटरवालं "सिद्ध होत नाही ते खोटं" हे कागदावर देखणं दिसतं, मशीनवर सगळीकडे चालवता येत नाही, आणि प्रोलॉग करतो ते त्यातलं जमेल तेवढं.

अजून एक, शाळेतल्या भूमितीत एकदा सिद्ध झालेलं प्रमेय नवीन माहिती आल्याने पडत नाही. इथे पडतं. उद्या भरले(अ१०२) ही ओळ टाकली की कालचं सिद्ध झालेलं थकबाकीदार(अ१०२) गेलं. याला नॉन-मोनोटॉनिक म्हणतात, आणि तुमच्या सरांनी गोडेलच्या आधी हे सांगायला हवं होतं.

नौपाडा_निवृत्त

मी संगणकवाला नव्हे, मुलगा हे वाचत होता म्हणून मीही डोकावलो. पण तुम्ही जे भांडताय ते आपल्याकडे फार जुनं आहे म्हणून लिहितो.

जमिनीवर घट नाही हे मला कशाने कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात अनुपलब्धी हे त्यासाठी स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचं साधन) आहे, घट उपलब्ध होत नाही यावरूनच त्याचा अभाव कळतो. नैयायिक म्हणतात वेगळं प्रमाण कशाला, अभाव हा पदार्थ मानतो आम्ही आणि तो प्रत्यक्षानेच कळतो. यावर शतकानुशतकं वाद चालले. पण दोघांनाही एक अट मान्य आहे, ती महत्त्वाची. नुसतं न दिसणं पुरेसं नाही. घट तिथे असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती हवी, उजेड हवा, डोळे धड हवेत, घट दिसण्याजोगा हवा. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती पिशाचाचं उदाहरण देतात, पिशाच मुळात दिसतच नाही, तेव्हा न दिसण्यावरून ते इथे नाही हेही म्हणता येत नाही.

आता तुमच्या पावत्यांचं बघा. पावती असती तर ती यादीत आलीच असती, असं तुमच्या सोसायटीत आहे का? असेल तर तुमचा तो उलटा रेघ-अधिकचा नकार योग्य. नसेल तर तो अंधारातला घट आहे.

कोपरी_पूर्व

काका, एक नंबर. वर्तकनगरच्या अख्ख्या पानाचा अर्थ तुम्ही एका "योग्य" मध्ये बसवलात.

वर्तकनगर_तर्क

मानलं काका 🙏 एक बारीक फरक मात्र राहतोच. तुमच्या अटीत बघणारा माणूस स्वतः ठरवतो की उजेड पुरेसा आहे का, प्रोलॉगला उजेड आहे की नाही हे विचारायची सोयच नाही, तो नेहमी लख्ख दिवस धरूनच चालतो. उजेडाची खात्री प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने करायची.

कासारवडवली_कोडर

बापरे, सगळ्यांचे खूप आभार, सदनिका आधी टाकल्यावर अ१०२ आणि अ१०३ आले. पण काकांचं वाचून नवीनच प्रश्न पडलाय. आमच्याकडे जीपेने पैसे टाकणारे बरेच आहेत आणि ते स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात, खजिनदार काका सवडीने बुकात चढवतात. म्हणजे उजेड नाहीच. आणि थकबाकीदाराला कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही, म्हणजे या नकारावर माणसाचा हक्क जातो. मग "भरलं नाही हे नक्की माहीत आहे" आणि "भरल्याचं सापडलं नाही" हे वेगळं लिहिता येतं का?

आणि दुसरं, आमच्या मजल्यावर एक नमुना आहे: अ१०२ वाले म्हणतात अ१०३ उभे राहणार नसतील तर मी राहतो, आणि अ१०३ वाले म्हणतात अ१०२ राहणार नसतील तर मी. ते मी हौसेने असं लिहिलं

उभा(अ१०२) :- \+ उभा(अ१०३).
उभा(अ१०३) :- \+ उभा(अ१०२).

तर प्रोलॉग मेलाच.

वर्तकनगर_तर्क

मरणारच. अ१०२ साठी अ१०३ फेल होतो का बघायला जातो, तिथे पोचल्यावर परत अ१०२ कडे, शोध संपतच नाही.

पण दोन वाक्यांना अर्थ आहे ना? माणूस म्हणून वाचलं तर दोन शक्यता दिसतात, एकतर हे उभे राहतील नाहीतर ते. १९८८ मध्ये गेल्फॉन्ड आणि लिफशिट्झ यांनी स्टेबल मॉडेल आणलं त्याचं म्हणणं नेमकं हेच. काय खरं याचा एक अंदाज घ्या, त्या अंदाजाने सगळे नकार सोडवून टाका, आता नकार नसलेला प्रोग्रॅम उरतो, त्याचं सगळ्यात छोटं मॉडेल काढा, आणि ते तुमच्या अंदाजाशी तंतोतंत जुळलं तर अंदाज टिकला. तुझ्या दोन ओळींना असे दोन टिकाऊ अंदाज आहेत. आणि "मी उभा राहणार नसेन तर मी उभा राहीन" असं एकट्यानेच म्हटलं तर टिकणारा एकही नाही. क्लिंगो नावाचं टूल आहे, जर्मनीत पॉट्सडॅमला बनतं, त्यात टाकून सगळी उत्तरं माग, दोन्ही वेगवेगळी छापून देईल.

दुसरी शाळा म्हणते दोन शक्यता असल्या तर आम्ही बाजू घेणार नाही. व्हॅन गेल्डर, रॉस आणि श्लिप्फ यांचं वेल-फाउंडेड सिमँटिक्स (प्रोग्रॅमचा अर्थ लावायची पद्धत), तिथे खरं, खोटं आणि अनिर्णित असे तीन कप्पे. तुझे दोन्ही शेजारी अनिर्णितमध्ये जातात, आणि वरचा प :- प मात्र खोटा ठरतो, फिरत बसत नाही. त्यासाठी दुसरं काही इन्स्टॉल करायलाही नको, एसडब्ल्यूआयमध्येच टेबलिंग (काढलेली उत्तरं लक्षात ठेवायची सोय) चालू करून \+ च्या जागी टीनॉट वापर, "अनडिफाइन्ड" म्हणून सांगेल. मला स्वतःला हा स्वभाव जास्त आवडतो, पण निवडणुकीचं टाइमटेबल, ड्युटीवाटप असलं काही करायचं तर क्लिंगोच.

कोपरी_पूर्व

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. गेल्फॉन्ड आणि लिफशिट्झ यांनीच पुढे दोन नकार एकत्र ठेवले, एक \+ सारखा आणि एक ठाम, जो स्वतः सिद्ध करावा लागतो. उदाहरण त्यांनी एआयवाल्या मॅकार्थीचं म्हणून दिलंय आणि ते आपल्याकडे कळवा-दिव्याच्या पट्ट्यात कोणालाही समजावून सांगायची गरज नाही: "गाडी येतेय असं सिद्ध होत नाही, तर रूळ ओलांड" आणि "गाडी येत नाहीये हे सिद्ध झालंय, तर रूळ ओलांड". पहिल्या नियमाने धुक्यात, डोळे मिटून, कानात इयरफोन घालून सुद्धा ओलांडायची परवानगी मिळते. क्लिंगोमध्ये पहिल्यासाठी नॉट आणि दुसऱ्यासाठी आधी वजाचं चिन्ह.

साध्या प्रोलॉगमध्ये हा दुसरा नकार नाही, पण हाताने करता येतो. वेगळा प्रेडिकेट (भरले, सदनिका यांसारखं नाव) ठेव:

नभरले(_क) :- बँकस्टेटमेंट_तपासले(_क), \+ जमा(_क).
थकबाकीदार(_क) :- सदनिका(_क), नभरले(_क).
कळत_नाही(_क) :- सदनिका(_क), \+ भरले(_क), \+ नभरले(_क).

\+ गेलेलं नाही, फक्त जिथे यादी पुरी आहे तिथे नेऊन ठेवलंय. ग्रुपवरचे स्क्रीनशॉट हा अंधार, महिन्याचं बँकेचं स्टेटमेंट हा उजेड, त्यात एंट्री असती तर दिसलीच असती. आणि एक तपासणी पण टाक, भरले आणि नभरले दोन्ही एकाच फ्लॅटला लागले तर ओरड म्हणून, कारण हाताने केलेल्या नकारात हा विरोध प्रोलॉग आपणहून पकडत नाही.

ऐरोली_शिफ्ट

नलवाली क्वेरी चालवली. शून्य ओळी. आता मला गेल्या क्वार्टरचे सगळे रिपोर्ट परत बघायला लागणार, थँक्यू बरं का.

कासारवडवली_कोडर

कोपरी दादा, चाललं! अ१०२ थकबाकीदारमध्ये, अ१०३ कळत_नाही मध्ये गेला. एक शेवटचं विचारतो, जमा(_क) मध्ये स्टेटमेंटवर फ्लॅट नंबर नसतो, नुसतं पाठवणाऱ्याचं नाव असतं आणि बऱ्याचदा पैसे बायकोच्या किंवा मुलाच्या अकाउंटवरून आलेले असतात. मग हे नाव कोणत्या फ्लॅटचं ते कुठे लिहायचं?

वर्तकनगर_तर्क

वेगळं टेबल कर, खाते(नाव, फ्लॅट), आणि ज्या नावाचा फ्लॅट सापडत नाही अशी एक जरी एंट्री स्टेटमेंटमध्ये उरली असेल तर बँकस्टेटमेंट_तपासले कोणासाठीच खरं होऊ देऊ नकोस. ते पैसे कोणाचेही असू शकतात, अ१०२ चे सुद्धा. एजीएमच्या आधी खजिनदार काकांना ती उरलेली नावं छापून दे.